बिस्किटाचा डावा बूट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही.

परतूरला माझं चपला-बुटांचं दुकान आहे. स्वभाव माझा संशयी. गिऱ्हाईक जरा जास्त हसलं तरी मनात पाल चुकचुकते. एका बूट कंपनीनं बिस्किटवाल्यांशी हातमिळवणी करून लहान मुलांचे बूट काढले, तेव्हाही मला आधी त्यात काळंबेरंच दिसलं. तळाला बिस्किटाची नक्षी, आणि वास? थेट पुडा फोडल्यासारखा! पण पोरं वेडी झाली. कंपनीनं नमुन्याचा एकच जोड दिला होता. तो दाखवून मागणी नोंदवायची. डावा बूट मी फळीवर मांडला, उजवा खोक्यात ठेवला.

लिंबाजीकाका माझ्याकडे एकवीस वर्षं कामाला. त्यांना हा बूट मुळीच पटला नाही. भाकरीच्या तुकड्याला पाय लागला तर आपण तो उचलून कपाळाला लावतो ना? काका तसाच तो बूट आधी कपाळाला लावायचे, मग पोराच्या पायात घालायचे. गिऱ्हाइकं हसायची. मी चिडायचो — हा म्हातारा माझा धंदा बसवणार!

आणि एका सकाळी डावा बूट गायब.

एका पायाचा बूट चोरून कुणी काय करील? एवढं साधं मला कळू नये? कळलं होतं. पण मी धरून बसलो, की पाप टळावं म्हणून काकांनीच तो कुठंतरी फेकला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी त्यांची पिशवी उलटी केली. जेवणाचा डबासुद्धा उघडला — ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. "मालक, अन्नाची शप्पथ, म्या न्हाई नेला," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना तिथल्या तिथं कामावरून काढलं. दुपारपर्यंत साऱ्या बाजारात ते चोर ठरले होते.

दोन महिन्यांनी साफसफाईला खालची फळी सरकवली. मागं घुशीचं बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी अडकलेला तो बूट. टाच कुरतडलेली. बिस्किटाच्या वासाला घूस भुलली होती. मी काय केलं? शटर अर्धं ओढलं, बूट कागदात गुंडाळला आणि नाल्यात टाकून आलो.

त्यानंतर आठच दिवसांनी काका दुकानात आले. "मालक, त्यो बूट घावला का? वाटूरचा दुकानदार मला ठेवायला तयार है. पर म्हनतो, आधी तुझ्या मालकाचा एक शब्द आन."

मी एक चप्पल फडक्यानं पुसत राहिलो. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"न्हाई घावला, काका," मी म्हणालो.

दुकानाची अब्रू वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हती. त्यांच्यापुढे 'चुकलो' म्हणायची लाज वाटली, बस. वाटूरचं काम त्यांना मिळालं नाही. साठीच्या पुढे ते आज कापसाच्या जिनिंगवर पोती उचलतात, आणि परतूरच्या बाजारात अजून चोरच समजले जातात. चोर ते नव्हते. बूट मला सापडला होता.