एक रिंग, आणि उचलायचा नाही

"बाई, फोन मेलाय," असं म्हणत हिराबाईंनी तो माझ्या काउंटरवर ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या तो ठणाणा वाजायला लागला.

सुनेचा फोन होता. "आला का त्येंचा?" एवढंच तिनं विचारलं. "ईल गं, दुकानात हाय मी," म्हणून हिराबाईंनी कट केला.

"मेलेला फोन वाजतो होय?" मी म्हटलं.

"वाजतोय की! पन ज्याच्यासाठी वाजाय पायजे त्याच्यासाठी वाजंना."

इस्लामपूरला एस.टी. स्टँडमागं माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून मी कोर्स केला. घरच्यांना वाटलं म्हातारी चार दिवसांत घरी बसेल. आता घरच्यांचेच फोन माझ्याकडं रांगेत असतात. गिऱ्हाइकं मला टेलिफोनबाई म्हणतात.

हिराबाई कुंडलच्या, माझं जुनं गिऱ्हाईक. सोबत नवरा, रिटायर्ड हवालदार. मुलगाही फौजेतच, वर डोंगरात कुठल्याशा चौकीवर. कुठल्या, ते हवालदार सांगत नाहीत.

"सोमवारी फोननं इचारलं, अपडेट करू का," हवालदार म्हणाले. "म्हटलं कर. तवाधरनं पोराचा फोन न्हाई."

"हात कुनी लावाय सांगितला हुता त्याला?"

"ऑर्डर आल्यागत आलं गं ते स्क्रीनवर!"

अपडेट म्हणजे काय, तर कंपनी लांबूनच फोनच्या आतला कारभार बदलते. घर तेच असतं, पण सकाळी उठून बघावं तर स्वयंपाकघराच्या जागी न्हाणी. बहुतेकांना सवय होते. काहीजण माझ्याकडं येतात.

"आज दुपारपतूर न्हाई आला, तर मी साताऱ्याला निघालो," हवालदार पायाशी ठेवलेली पिशवी दाखवत म्हणाले. "सैनिकांच्या हापिसात चौकशी करतो."

हिराबाईंनी तोंड फिरवलं. त्या हापिसात चौकशीला का जातात, हे फौजीच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. सून पोटुशी. तिला सांगितलं होतं, तिकडं रेंज गेलीय.

मग मात्र मी चष्मा चढवला. अवघड केस आली की मला अजूनही हुरूप येतो, काय करू! आवाज बघितला, फुल्ल. सिम काढून पुसून घातलं. माझ्या मोबाइलवरून कॉल लावला, छान वाजला. नंबर ब्लॉक झालाय का बघितलं, नाही. अर्धा तास गेला आणि फोनमध्ये काही दोषच सापडेना. असं झालं की आम्हा रिपेअरवाल्यांचं एक ठरलेलं औषध असतं, रिसेट. म्हणजे फोनचं मुंडन. आतलं सगळं साफ करून पहिल्यापासून सुरुवात.

"रिसेट मारते," मी रुबाबात म्हटलं. "मग बघा लेक कसा घडाघडा बोलतोय."

"पन त्यो बोलतच न्हाई वो!"

"म्हणजे?"

"बोलतो आयतवारी. रोज नुस्ती एक रिंग. तिथं फोन एकच, मागं लाईन लागलेली. ड्युटी संपली की एक रिंग मारून ठेवतो. म्हंजी हाय, बरा हाय. आमी उचलत न्हाई. उचलला तर मागचा वरडतो म्हनं."

"आणि नंबर?"

"रोज येगळा. लाईन कुठनं कुठनं फिरून येती म्हनं. कवा कवा नंबरच उमटत न्हाई."

मी हातातली पिन खाली ठेवली. माझ्या डोक्यात थेट साताऱ्याचं ट्रंक एक्सचेंज उघडलं.

तेव्हा लांबचा फोन आम्हा ऑपरेटर मुलींकडून जोडून घ्यावा लागे. त्यात पीपी नावाचा प्रकार होता. अमुक माणूस घरी असेल तरच जोडा, नसेल तर कॉलचे पूर्ण पैसे पडत नसत. लोक हुशार. मुलगी पुण्याला पोचली की घरी पीपी लावायची आणि घरात नसलेल्याच कुणा बाळासाहेबांना मागायची. घरचे म्हणायचे, "बाळासाहेब नाहीत." झालं! मुलगी पोचली, हे कळलं.

आणि इकडं मी! विशीतली, वेणी घट्ट, कानाला हेडफोन, जणू अख्खं भारत सरकार माझ्याच कानावर टेकलंय. असले कॉल पकडायची मला भारी हौस. "त्या पत्त्यावर बाळासाहेब राहतच नाहीत, मला ठाऊक आहे!" असं मधेच ओरडून मी प्लग उपटायची. आणि वर चहाच्या सुट्टीत शौर्यकथा सांगायची. एकदा आमच्या सुपरवायझरबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "अगं ए फौजदारीण, त्यांना बोलायचं नसतं. कळवायचं असतं."

मला तेव्हा ते काही पटलं नव्हतं. त्या दिवशी काउंटरवर पटलं.

मी माझ्या मोबाइलवरून तपासलं होतं, आणि माझा नंबर हिराबाईंच्या फोनमध्ये सेव्ह होता! परीक्षाच चुकीची, अनोळखी नंबरवरून बघायला हवं होतं. मी शेजारच्या घड्याळवाल्या अस्लमभाईंना हाक मारली.

"अस्लमभाई, या नंबरला एक रिंग मारा आणि कट करा!"

"काय झालं आपा? मिस कॉल देयाचं वय हाय का आपलं?"

"मारा हो!"

त्यांनी मारली. हिराबाईंचा फोन गप्प. स्क्रीनही उजळली नाही.

"आता कट करू नका, वाजू द्या."

पहिली रिंग गप्प. दुसऱ्या रिंगेला फोन वाजला. मी खुर्चीतून उठलेच!

हल्ली भामटे अनोळखी नंबरवरून एक रिंग देतात, म्हणजे आपण उलट फोन करावा आणि अडकावं. म्हणून नव्या अपडेटनं पहिली रिंग दाबून ठेवायला सुरुवात केली होती. तेवढ्यात कट झाला तर माणूस भामटा, विषय संपला. तिकडं पोरगा रोज रिंग देत असेल, इकडं फोन त्याला रोज दारातूनच हाकलत असेल. त्याची नोंद फोनमध्ये कुठं पुरली असली तर मला काही सापडली नाही.

चार पडदे उघडल्यावर ती सेटिंग मिळाली. बंद केली. अस्लमभाईंची एक रिंग खणखणीत वाजली. मी विजयी मुद्रेनं हिराबाईंकडं बघितलं.

"फोन सुदारला," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगं बरं हाय, हे कशावरनं?"

याला माझ्याकडं कुठलीच सेटिंग नव्हती.

"कधी येते रिंग?"

"हीच येळ."

मग आम्ही चौघं फोनकडं बघत बसलो. अस्लमभाईंचं गिऱ्हाईक तिकडं हाका मारतंय, ते हलेनात. मला सुनेची धास्ती, मधेच तिनं फोन केला तर हिराबाईंचं काळीज बाहेर यायचं. स्टँडवरून पुकारा आला, सातारा गाडी फलाटावर लागली. हवालदार उठले. पिशवी उचलली.

आणि फोन वाजला!

नंबर नव्हता. नुसतं 'प्रायव्हेट'. चाळीस वर्षांचा एक्सचेंजचा हात माझा, आपोआप हिरव्या बटणाकडं गेला. हिराबाईंनी त्यावर फटकन चापट मारली.

"उचलू नगा!"

एक रिंग. शांत.

हवालदार पिशवी धरून ताठ उभे होते. मग पिशवी ठेवून त्यांनी उगाच मिशी पुसली. हिराबाई एकाच वेळी हसत होत्या आणि डोळ्याला पदर लावत होत्या. अस्लमभाईंनी आरोळी ठोकून चहा मागवला. सातारा गाडी गेली.

"त्या अपडेटवाल्याला कायतरी अक्कल हाय का?" हवालदारांनी विचारलं.

"आहे हो," मी म्हटलं. "विशीत असेल. वेणी घट्ट असेल."

त्यांना काही कळलं नाही. मी हात चोळत बसले, अजून झणझणत होता.

आता अपडेटनंतर बिघडलेला फोन आला की मी आधी एक प्रश्न विचारते: "तुम्हाला न उचलायचा फोन कुणाचा येतो का?" बरीच माणसं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात. पण मधूनच एखादी बाई लगेच म्हणते, "व्हय, येतो की." मग मी तिला खुर्ची देते आणि अस्लमभाईंना हाक मारते.