एरर मोठ्याने वाच

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर हास्केल ही आम्हा दोघींना नवी असलेली प्रोग्रामिंगची भाषा इन्स्टॉल होत होती. तिनेच फर्मान काढलं होतं: रविवारी दोघींनी पहिला प्रोग्राम करायचा, तिने सोनिवलीच्या घरून, मी अंबरनाथहून, फोन स्पीकरवर ठेवून. फोन तिच्या नवऱ्याचा होता. हार्ट अटॅक... सकाळीच. मी नुसतं हो हो म्हणत राहिले.

उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं जावा ही भाषा शिकवली. मुलं वंदनाला वैतागायची. एरर आला म्हणून कुणी बोलावलं, तर ही बाई स्क्रीनकडे बघायचीसुद्धा नाही. खालच्या जीन्सच्या कारखान्यात मशिनी धडधडत असायच्या, त्यावर आवाज चढवून स्क्रीनवरचा एररचा अख्खा मजकूर वाचायला लावायची. अर्ध्यावरच पोराला आपली चूक कळायची. तीच खोड तिने मलाही लावली. मी एकटी राहणारी. नवीन काही शिकायला घेतलं आणि अडले, की तिला फोन लावायचा आणि एरर वाचून दाखवायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, सरळ उत्तर सांग ना बाई. तर म्हणाली, "मला तरी कुठे येतंय? तू वाच, मी ऐकतेय."

वंदना गेल्यावर कित्येक आठवडे लॅपटॉपला हात लावला नाही. काल दुपारी उघडला. प्रोग्राम अगदीच पोरकट: 'बेरीज' हा शब्द आणि त्यापुढे दोन अधिक तीनचं उत्तर. कंपाइल केला, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलायला दिला, तर स्क्रीनभर लाल अक्षरं. जावात शब्दाला आकडा जोडला तरी चालून जातं, ती सवय नडली. मी मोठ्याने वाचायला लागले... दुसऱ्या ओळीवर थांबले. इथे ती "हं, पुढे?" म्हणायची. मला तिचा राग आला, चांगलाच राग आला. असं मध्येच टाकून जातं का कुणी?

मग उरलेलं वाचलं. आकडा आधी अक्षरांत बदलून घ्यायचा होता, त्यासाठीचा एक छोटा शब्द राहिला होता. तो घातला. यावेळी कंपाइल झालं, मग प्रोग्राम चालवून पाहिला. पाच, अगदी बरोबर.

आता वाचायला काहीच उरलं नाही. मी त्या पाचाकडे बघत बसून राहिले. शेवटी तो शब्द काढून टाकला, पुन्हा कंपाइल केलं, आणि लाल अक्षरं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.