भोंग्यावर जेवणारी तांबडी

उभ्या लालबागात आमच्या तांबडीएवढा शिस्तीचा कामगार दुसरा झाला नाही. सगळा जन्म कापडगिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात घालवलेला माणूस हे बोलतोय, तेव्हा उगाच वाद घालू नये. मी चौथीत शाळा सोडली, लिहिण्याची सवय नाही. पण आमच्या हिच्या त्या कोंबडीला ओळखणारा आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

मेव्हण्याने गावाहून तिला आणली ती खायलाच. टोपलीतून सुटली आणि सरळ हिच्या मांडीवर जाऊन बसली. तिथेच माझा रस्सा बुडाला. खोलीत मला पाय पसरायला जागा नव्हती, पण तिला फळीखाली स्वतंत्र खोका मिळाला. खोक्यात ती झोपायची, अंडं मात्र घालायची माझ्या गिरणीच्या टोपीत. टोपी खुंटीवर टांगली की खाली उभी राहून असा गळा काढायची की हीच उठून टोपी काढून द्यायची. मी कुरकुरलो तर म्हणायची, "तुमच्या टोपीत नायतरी काय असता?" सकाळी नळावर हिने हंडा रांगेत लावला की तांबडी त्यावर चढून बसायची. ही निवांत खोलीत चहा प्यायची. कोणी हंडा सरकवायला गेलं की हातावर चोच. शेजारीण चारचौघांत बोलली, "कोंबडेक जागा राखूची अक्कल हा, घोवाक नाय." घोव म्हणजे मी. सगळा नळ हसला, आणि मी सांगतो, तांबडीपण हसली.

पण तिची खरी शिस्त जेवणात. गिरणीचा भोंगा झाल्याशिवाय ती दाणा टिपायची नाही. पुढ्यात तांदूळ टाका, भात टाका, मान वाकडी करून खिडकीतून गिरणीच्या चिमणीकडे बघत उभी राहायची. भोंगा वाजला की हिचा एक हात तिच्या वाटीकडे आणि दुसरा माझ्या ताटाकडे जायचा. वाटी आधी भरायची, ही गोष्ट वेगळी. रविवारी भोंगा नसतो, मग रविवारी कोंबडी जेवते कशी, हे मला तेव्हा कधी विचारावंसं वाटलं नाही. घरातल्या किती गोष्टी मी अशा विचारल्याच नाहीत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज मोर्चा, उद्या हरताळ. एका मोर्चात मी गेलो, गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि मी गिरगावात एका ओळखीच्या खोलीत अडकलो. घरी निरोप धाडायची सोय नव्हती. इकडे हिने गावच्या राखणदार देवाला हात जोडले, घोव जिवंत परत येऊ दे, घरातलं कोंबडं देईन. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाळीत शिरलो, तर जिन्यात पहिली कोण भेटली? तांबडी. माझ्या चपलांचा आवाज ओळखून ती तीन जिने उतरून आली होती. तिच्यामागे ही, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. मला बघून बरं वाटायच्या जागी हिचा चेहरा पडला. घरात कोंबडं एकच होतं.

बोललेलं देवाला द्यायलाच हवं. तळमजल्यावरचे आबा सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचे. ते म्हणाले उद्याच करू. ही म्हणाली, "नको, येत्या हरतळाक करूया. सगळे घरात असतले." मला काय, खाण्याशी मतलब. वाटण मी स्वतः पाट्यावर वाटलं आणि काळीज माझं, असं आधीच सांगून ठेवलं.

हरताळाच्या दुपारी चाळ जमली. तांबडीला हळद-कुंकू लागलं. कोंबड्याने देवापुढचे तांदूळ टिपले की देवाने ते घेतलं, नंतरच सुरी, अशी आमच्याकडची रीत. आबांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान बोलल्याप्रमाणा तुझो मान आणल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा." आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा." तांबडी तांदळांत उभी, मान वाकडी, नजर चिमणीकडे. आबांनी दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, तिसऱ्यांदा घातलं, घसा बसला. तांबडीने दाण्याला चोच लावली नाही. शेवटी आबा घाम पुसत म्हणाले, "देव नको म्हणता. नारळ आणा." त्या रात्री कोंबडीच्या वाटणात काळे वाटाणे शिजले. मी देवाला चार शिव्या घातल्या आणि वडे मात्र सगळे खाल्ले.

तांबडी पुढे म्हातारी होऊन मेली. वडाळ्याला मिठागराच्या कडेला आम्ही तिला पुरली. देवाने तिला नाकारली हे मी सगळ्या जगाला सांगत फिरलो. गेल्या वर्षी ही अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा हसत म्हणाली, "अवो, देवान कसला नाकारल्यान? हरतळाक भोंगो खय वाजता?" मी म्हटलं, मग रविवारी कशी खायची ती? "रविवारी मी ताटलेर पळी वाजवी," ही म्हणाली. "त्या दिवशी नाय वाजवली."

त्यानंतर ती पंधरा दिवस होती.

गिरण्या बंद झाल्या, भोंगे गेले. दुपारी सून ताट वाढून कामाला जाते. मी ताटासमोर बसतो, मान आपोआप खिडकीकडे वळते. परवा मीच पळी घेऊन ताटावर वाजवून पाहिली. आवाज तोच आला. पण आपण आपल्यासाठी वाजवली की भूक लागत नाही.