चीता आणि चित्ता

धुळ्याच्या स्टँडवरून इंदूरची सर्विस मोटार हलली न हलली तोच आमच्या बाळ्याने ड्रायव्हरला सांगून टाकलं, की आम्ही चित्ता पाहायला चाललो आहोत. ड्रायव्हर म्हणाला, त्यासाठी इंदूरपर्यंत कशाला जायचं, बिजासनच्या घाटात दोनचार भेटतील. मग घाट येईपर्यंत बाळ्या खिडकीला नाक लावून बसला, आणि घाट आला तेव्हा मात्र त्याला मोटार लागली आणि तो माझ्या मांडीवर डोकं टाकून आडवा झाला. त्याची थोरली बहीण शकू डोळे ताणून बघत राहिली. तिला माकडं दिसली.

इंदूरला माझे मामा असतात. संस्थान होतं तोवर ते तिथल्या शिकारखान्यात (शिकारीची जनावरं पाळण्याचं खातं) नोकरीला होते. हरणांच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते त्यांच्या ताब्यात असत. त्यांतली शेवटची मादी रंभा. ती मेली तेव्हा तिच्या कातड्यात भुसा भरून तिला संग्रहात ठेवलं. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत झाला, मामा पेन्शनीत निघाले. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे आणि उरलेली नजरही जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. धुळ्याला येणाऱ्या एका गृहस्थाबरोबर त्यांनी निरोप धाडला होता, की थोडं दिसतंय तोवर मुलांना घेऊन ये, मला माझ्या हाताने त्यांना रंभा दाखवायची आहे. मामांना मूलबाळ नाही. अशा निरोपाला नाही म्हणणं मला जमलं नसतं, आणि नाताळची सुट्टी होतीच.

सेंधव्याच्या नाक्यावर सामान उघडून दाखवलं, खलघाटाला नर्मदा ओलांडली, तिथे मुलांनी पाण्यात पैसा टाकला. मानपूरचा घाट चढून माळव्याच्या सपाटीवर आलो तशी हवा एकदम गार झाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि त्यात गहू. आमच्या खानदेशच्या उन्हातून आलेल्याला हे सगळं फार लाडावलेलं वाटतं.

मामा स्टँडवर टांगा घेऊन उभे होते. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा त्यांनी ओळखलं, तेही माझ्या आवाजावरून. मला वाईट वाटलं, पण मामांनी वाईट वाटायला सवड दिली नाही. बाळ्याला उचलून टांग्यात ठेवलं आणि इंदुरी मराठी सुरू केली. “सुमे, जल्दी बैस. मामीने गराडू तळून ठेवलेत, थंडे झाले तर माझी खैर नाही.” गराडू म्हणजे एक कंद. तुपात तळून वर लिंबू पिळतात आणि तिखट मसाला भुरभुरतात. मुलांनी हाय हाय करत ताटलीभर खाल्ला.

सकाळी आम्ही संग्रहालयाकडे निघालो. इथले लोक त्याला अजायबघर म्हणतात. टांग्यात मामांनी मुलांची शाळाच घेतली. चित्ता कसा ओळखायचा? ठिपके भरीव, काळ्या शाईचे थेंब पडावेत तसे. अंग सडपातळ, पोट आत गेलेलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत काळी रेघ, रडून ओघळ सुकल्यासारखी. नखं मांजरासारखी पुरती आत जात नाहीत. रंभाला डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून माळावर नेत, हरणांचा कळप दिसला की टोपी काढत आणि मग काय व्हायचं ते सांगताना मामांनी असा हात फेकला, की टांगेवाल्याची पगडी पडली. त्याने ती उचलली आणि म्हणाला, “बाऊजी, घोड़ा बिदक जायगा.”

अजायबघर म्हणजे एक जुनी बैठी कोठी. मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असतं, त्याच्याबरोबर साहेब लोकही तिकडे, त्यामुळे सगळा कारभार एका चौकीदाराकडे होता. त्याने मामांना वाकून नमस्कार केला आणि दारं उघडली. आत डांबरगोळ्यांचा वास. सांबर, नीलगाय, जबडा वासलेली मगर, एका डोळ्याची काच गळालेलं अस्वल. बाळ्या अस्वलापुढे हात जोडून उभा राहिला. मामा मात्र कुठे थांबले नाहीत. भिंतीला हात लावत ते थेट दुसऱ्या दालनाच्या कोपऱ्यात गेले, एका काचेच्या कपाटापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “ही पाहा आपली रंभा.”

कपाटावर हिंदीत ठळक पाटी होती, चीता. आत एक जाडजूड जनावर दबा धरून बसलं होतं. त्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळं होती. मी पाहताक्षणी ओळखलं, हा चित्ता नव्हे. मामा काचेवर तळवा ठेवून हसत होते.

शकूने बराच वेळ पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, “मामाआजोबा, हिच्या तोंडावर रेघ नाहीये.”

उजेड कमी आहे, असं मामा म्हणाले. चौकीदाराने खिडकी उघडली. शकू पुन्हा तेच म्हणाली, आणि ठिपके पण पोकळ आहेत म्हणाली. मामा माझ्याकडे वळले. “सुमे, तू बघून सांग. रेघ आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले. “हा बिबट्या आहे, मामा.”

त्यांनी कपाट उघडायला लावलं. त्या जनावराच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत बोट फिरवलं, मग मान, मग पंजा. पंज्यावर हात तसाच ठेवून त्यांनी चौकीदाराला विचारलं, की इथे दुसरा होता तो कुठे आहे.

चौकीदार बिचारा सरळ माणूस. त्याने जे झालं ते सांगितलं. “बाऊजी, चीते तो दो थे. नये साब आए, बोले एक ही जिनावर के दो नग काय को रखना. एक को कीड़ा लग रिया था. उसको पीछे जला दिया, अच्छा वाला रख लिया.”

मामा बाहेर पायरीवर येऊन बसले. मी त्या साहेबाला मनसोक्त शिव्या दिल्या. शिकलेल्या माणसाला दोन जनावरांतला फरक दिसू नये? मामांनी मला थांबवलं.

“त्याला काय बोलतेस गं. इकडे बिबट्याला पण चीताच म्हणतात, मी पण जिंदगीभर तेच म्हणत आलो. पेंटर या बिबट्याच्या पाटीसाठी विचारायला आला होता, तेव्हा मीच बोललो, चीता लिहून टाक. तेंदुआ लिहिलं असतं तर लोक विचारत बसले असते.”

“आणि रंभाच्या पाटीवर?” मी विचारलं.

“तिच्यावर पण चीता. तिला दुसरं काय लिहिणार?”

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, चित्ता आणि बिबट्या. मामांच्या घरात मराठीच बोलतात. तो दुसरा शब्द पाटीवर गेला असता तर रंभा राहिली असती, हे त्यांना कळलं होतं आणि मला बोलून दाखवायची गरज नव्हती. त्या दिवशी त्यांनी मुलांना मोर, अजगर, घुबड सगळं दाखवलं, पण दाखवताना नावं चौकीदाराला सांगायला लावली.

निघायच्या सकाळी मामी डोळे पुसत होत्या आणि शेवेचा डबा माझ्या पिशवीत कोंबत होत्या. मामा स्टँडवर आले. मोटार सुटायला अवकाश होता. शकूने एकदम विचारलं, की चित्ता डरकाळी कशी फोडतो. मामा म्हणाले, तो डरकाळी फोडतच नाही. मग कसा ओरडतो? मामांनी आजूबाजूला पाहिलं, संकोचले. मग खाली वाकले, तिच्या कानाशी गेले आणि ओठ चिमटून एक आवाज काढला. बारीक, तुटक, अगदी पाखराचा. बाळ्याला तो ऐकू आला नाही म्हणून पुन्हा काढला, या वेळी मोठ्याने. पानवाला वळून बघायला लागला. मामांनी फिकीर केली नाही. दोघांना बरोबर जमेपर्यंत त्यांनी मोटार सुटू दिली नाही म्हटलं तरी चालेल. कंडक्टर दोनदा घंटी देऊन थांबला होता.

धुळ्याला येऊन आता महिना होईल. इथे जो तो विचारतो, इंदूरला काय पाहिलंत. मुलं लगेच पुढे होऊन तो आवाज काढून दाखवतात. पाहुणे कौतुकाने ऐकतात आणि विचारतात, कोणतं पाखरू हे? चित्ता आहे, असं शकू सांगते. सगळे हसतात. तिचं खरं आहे असं मी दर वेळी सांगते, पण दाखवायला माझ्याजवळ काहीच नाही.