बाक पुसणारा म्हातारा

उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तिथल्या बागेत एक तेलुगू म्हातारा रोज भेटायचा. बसण्याआधी तो रुमालाने बाक पुसायचा आणि उठल्यावरही पुसायचा, परक्याची वस्तू जपावी तसा. सोलापुरात चादरींचा धंदा उभा करताना मी विणकरांकडून तेलुगू शिकलो होतो, म्हणून आमचं जमलं. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

एके दिवशी मी तणतणतच बागेत पोचलो. दुकानात आंब्यांचा भाव पाडून मागितला, तर मुलाने चारचौघांत मला गप्प केलं होतं. वर घरी आल्यावर पुन्हा तेच, "आण्णा, सोलापूरचं घर विकून टाका की. इथंच राहा."

"ज्या तोंडाच्या जोरावर ह्याला शिकवलं, त्याचीच ह्याला लाज वाटते!" मी म्हाताऱ्याला म्हणालो. "मिळेल त्या विमानाने निघतो बघा."

तो हसला. "निघा ना. तुमचं घर आहे अजून. मीसुद्धा आधी असाच तडकायचो. मग मुलाने गावचं घर विकलं. आता सून काहीही बोलली तरी मान हलवतो. रागावून जायचं कुठं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आलो, आलो," म्हणत तो घाईने उठला.

संध्याकाळी मुलाने पुन्हा विषय काढला. या वेळी मी आवाज चढवला नाही.

"घर विकायचं न्हाय."

"पण का, आण्णा?"

"उद्या तुझ्यावर रागावलो, तर जाऊ कुटं?"

तो खळखळून हसला. आण्णांनी बऱ्याच दिवसांनी गंमत केली, असं त्याने बायकोलाही सांगितलं.