अर्ध्या तिकिटाचा मंगळवार

इंदूबाईकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते खिचडीच्या पातेल्यामुळे. बाभुळगाव तालुक्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी नुकतीच बदलून आले होते. दुपारी मुलं जेवून उठली होती, आणि शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत खिचडी शिजवणारी बाई उलथन्यानं पातेल्याचा तळ खरवडत बसली होती. वरची मऊ खिचडी उरली होती, पण ती तिनं झाकून बाजूला ठेवली होती. शाळेतल्या दोन बहिणी रोज बकऱ्या बांधून उशिरा जेवायला येत, त्यांच्यासाठी. स्वतःच्या ताटलीत मात्र करपलेली खरवड. त्या दोघींना पुरूनही उरेल एवढी खिचडी आहे, तीच घ्या की, असं मी म्हटलं. तिनं मान न उचलता सांगितलं, "मले हेच आवडते बाई."

मी त्यावर सहा वर्षं विश्वास ठेवला. निवृत्त होऊन याच गावात घर बांधलं, तेव्हा घरभरणीच्या जेवणाला तिचा नवरा नागोराव आला होता. खरवडीचा विषय निघाला तर तो हसायलाच लागला. "तिले कायची आवडते? दाढ दुखते तिची त्यानं. घरी येऊन लवंग धरते." इंदूबाई लगेच म्हणाली की हाच माणूस शिळी भाकर आवडते म्हणून ताजी तिच्या ताटात टाकतो. दोघं एकमेकांची चोरी उघडी पाडत होते आणि आम्ही सगळे हसत होतो. मीही हसले.

नागोरावचं एसटीच्या थांब्याजवळ, कडुलिंबाखाली पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक हवेचा पंप आणि पाण्यानं भरलेलं घमेलं. तो जमिनीवर बसायचा, चाक दोन्ही पायांच्या बोटांत पकडायचा आणि हातांनी टायर उसवायचा. पायांचा तसा उपयोग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ट्यूब पाण्यात बुडवून कान देऊन बसल्यासारखा तो बुडबुड्याची वाट पाहायचा. सात-आठ वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. तेव्हापासून पायांना हळूहळू बधिरपणा आला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दोघं यवतमाळला मोठ्या दवाखान्यात जात. तिथले डॉक्टर औषध लिहिण्याआधी नागोरावचे पाय स्वतःच्या हातानं उलटसुलट करून पाहत. परतताना नागोराव स्टँडवर एक आलुबोंडा खाई. इंदूबाई खात नसे. तिला तेलकट आवडत नाही, असं ती सांगे.

त्यांची शेवटची मुलगी पायल माझ्या हाताखाली शिकली. अक्षर फार चांगलं, बोलणं कमी. दोन वर्षांपूर्वी श्रावणाच्या सुरुवातीला तिचा यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला. शिकवणीची फी सवलतीत बसली, पण वसतिगृहाची अनामत आणि पहिली खानावळ महिन्याच्या आत रोख भरायची होती. नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. तो कागद घेऊन इंदूबाई माझ्याकडे आली. मी दोनदा वाचून दाखवला. मग मी कपाटाकडे जायला उठले, तर तिनं माझा हात धरून मला परत खुर्चीवर बसवलं.

"तुमचे पैसे घेतले तं मले तुमच्याशी बोलताना खाली पाहा लागन बाई. एक महिन्याची तं गोष्ट हाये."

महिन्याचा बेत तिनं मनाशी ठरवूनच आणला होता. दूध बंद, चहा कोरा. टीव्हीचं रिचार्ज नाही. गॅस फक्त पावसानं सरपण ओलं झालं तर. एरवी उन्हाळ्यात रचून ठेवलेली कपाशीची पऱ्हाटी चुलीत. फोडणी एका चमच्यात. भाजीला बांधावरची तरोट्याची पानं, ती पावसात हवी तेवढी. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, उलट नवं काम अंगावर घेतल्याचा उत्साह होता. नागोराव दारातच उभा होता. त्यानं आपलाही वाटा टाकला. "बरं झालं मले शुगर झाली. हिची साखर आधीपासूनच वाचून राह्यली." त्याच्या चपलेचा एक तळ मागून झिजून कागदासारखा झाला होता. नवी घ्यायची ठरली होती, तीही त्यानं पुढच्या महिन्यावर ढकलली.

शेवटी तिनं मंगळवारची गोष्ट काढली. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट. नागोरावला बासष्ट वर्षं, त्याला पूर्ण. या खेपेला ती एकटीच फाईल घेऊन जाईल, गोळ्या तर त्याच असतात, त्याचं जाण्यायेण्याचं तिकीट वाचेल, आलुबोंडाही वाचेल आणि दुकानही बंद राहणार नाही. मी तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. हे गणित मला बरोबर वाटलं. मी मान डोलावली.

तो मंगळवार कसा गेला ते इंदूबाईनं मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी अगदी तेच शब्द वापरून. डॉक्टरांनी फाईल उघडली आणि पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, कामावर गेले. डॉक्टर म्हणाले की गोळ्या देतो, पण मला त्यांचे पाय पाहायचे असतात, पुढच्या वेळी त्यांनाच आणा, आणि काही जखम-बिखम दिसली तर मंगळवारची वाट पाहू नका. तिनं हो म्हटलं. घरी आल्या आल्या तिनं पिशवीही खाली ठेवली नाही.

"पाय बरे हायत ना तुमचे?"

"ठणठणीत," नागोराव म्हणाला.

जखम तेव्हा चार दिवसांची होती. दुकानात टायरमधून काढलेला तारेचा तुकडा खाली पडला होता आणि झिजलेल्या चपलेतून त्याच्या टाचेत शिरला होता. त्याला कळलंच नाही. संध्याकाळी चपलेला रक्त दिसलं तेव्हा त्यानं तार उपसली, हळद भरली आणि वर चिंधी बांधली. बाहेर पावसाचा चिखल. चिंधी भिजू नये म्हणून त्यानं जुनी सायकल-ट्यूब कापून तिची पट्टी पायाभोवती घट्ट गुंडाळली आणि टोकं सोल्युशननं चिकटवली. त्याच्या हातची पट्टी कधी गळली नव्हती. आतलं पाणीही त्यातून बाहेर येणार नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. बायकोला दाखवलं असतं तर ती त्याच पावली उठून त्याचं पूर्ण तिकीट काढणार, वर ड्रेसिंगचा खर्च, आणि पायलच्या पैशांतून ते सगळं जाणार, एवढंच त्याच्या लक्षात होतं.

त्या दिवसांत गावातल्या बुद्धविहारात वर्षावासाचं, पावसाळाभर चालणारं धम्मग्रंथाचं वाचन चालू होतं. संध्याकाळी साडेसहाला मी वाचत असे, वीस-पंचवीस माणसं ऐकायला बसत. नागोराव दरवर्षी बाजूच्या भिंतीला टेकून पहिल्या रांगेत असायचा. त्या वर्षी तो मध्येच यायचा बंद झाला. मी इंदूबाईला विचारलं. ती चिडलीच होती. "त्याईले आता पंक्चरच्या दुकानातच निर्वाण भेटते म्हणते," असं ती म्हणाली आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. घरी तिनं त्याला टोमणेही मारले, की वर्षभर पंचशील म्हणता आणि पावसाचे चार थेंब पडले की बसता घरात. तो ऐकून घ्यायचा. विहाराच्या दारात चपला काढाव्या लागतात, हे आम्हा कुणालाच सुचलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं. शाळेत एखादं पोर कवायतीला येईनासं झालं की मी आधी त्याचे पाय पाहायचे.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा पैसे पुरे झाले. इंदूबाई आणि पायल पत्र्याची पेटी घेऊन सकाळच्या गाडीनं गेल्या, दोघींची अर्धी तिकिटं. नागोराव गाडीपर्यंत पोचवायला आला नाही, दुकानातूनच हात केला. पायलला ते लागलं होतं, असं तिनं नंतर मला सांगितलं. पैसे भरले, पावती मिळाली, पायलला खाट मिळाली. खाट खिडकीजवळची होती, हे इंदूबाईनं मला आवर्जून सांगितलं. परत येताना स्टँडवर तिनं महिन्यातला पहिला वायफळ खर्च केला. नागोरावसाठी एक आलुबोंडा कागदात बांधून घेतला.

घरी आली तर दुपारी चार वाजता तो पांघरूण घेऊन पडला होता. अंग तापलेलं. खोलीत वास होता. तिला आधी वाटलं, उंदीर मेला असावा. ती कोपरे पाहत फिरली. मग तिनं त्याचं पांघरूण ओढलं. ट्यूबची पट्टी कापायला तिला विळी घ्यावी लागली.

मी पोचले तेव्हा ती त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. दोन घरं सोडून राहणाऱ्या इंद्रजितनं आपली रिक्षा काढली. रिक्षात बसवताना नागोराव माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखा हसला. "जिंदगीभर लोकाईचे पंक्चर काढले बाई. ट्यूब पाण्यात टाकली की बुडबुडा येते. पायाले बुडबुडा येत नाही." इंदूबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. आलुबोंडा उंबऱ्यावर तसाच कागदात राहिला होता.

डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. त्यांनी फाईल मागची पुढची चाळली आणि फक्त तो एक मंगळवार दोनदा पाहिला. आधी काळी पडलेली दोन बोटं काढली, मग आठ दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. औषधपाणी सरकारी योजनेत झालं. इंदूबाई अठरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर राहिली. मी डबा घेऊन गेले की ती वरचा भात नागोरावला द्यायची आणि डब्याच्या कडेचं स्वतः खायची. एकदा मी तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि म्हटलं, आज तरी नीट जेव. तिनं डबा परत मागितला नाही आणि जेवलीही नाही.

पायलची खाट यवतमाळलाच, दवाखान्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. तिसऱ्या दिवशी ती पेटी भरून व्हरांड्यात येऊन उभी राहिली. नाव काढून घेते, अनामत परत मिळेल, बाबांना घरी कुणीतरी लागेल, असं तिनं पाठ करून आणल्यासारखं सांगितलं.   नागोरावनं पोरीला आत खाटेजवळ बोलावलं. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण मी खाटेच्या पायथ्याशी होते, मला नीट ऐकू आलं.

"पाय गेला तो गेला. तू परत आली तं तो फुकट जाईन. पेटी उचल अन् जाय."

पायल गेली. पेटी उचलून देताना इंदूबाईनं तिच्या वेणीचा सुटलेला रबर नीट केला. 

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी फोन येतो. फोन आला की ती आधी आईला विचारते, बाबांचा पाय पाह्यला का आज. इंदूबाई रोज सकाळी पाहते. पाणी तापवून आणते, नागोरावला उंबऱ्यावर बसवते, त्याचा उरलेला पाय मांडीवर घेते आणि टाचेपासून एकेक बोट उघडून पाहते. तिला जवळचं दिसत नाही, म्हणून माझा जुना चष्मा लावते. नागोरावची थट्टा चालूच असते, की एवढं निरखून तर लग्नाच्या वेळीही पाह्यलं नव्हतं. ती हसत नाही. पाहून झालं की पाय कोरड्या फडक्यानं पुसते आणि शाळेत खिचडीला जाते.

तिच्या मनात काय चालतं ते मी विचारत नाही. एकदाच, तेही विहारातून परतताना, अंधार पडत असताना ती म्हणाली होती, "मी पाय दाखवा, असं नाई म्हटलं, बाई. बरे हायत ना, असं इचारलं."  आम्ही तिच्या दारापर्यंत चालत गेलो.

नागोरावचं दुकान कडुलिंबाखाली अजून आहे. चाक धरायला इंद्रजितनं लोखंडी घोडी करून दिली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते बंद असतं. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं यवतमाळला जातात. अपंगत्वाच्या दाखल्यावर नागोरावला पाव तिकीट लागतं, इंदूबाईला अर्धं.