आक्कांचा ऑक्सिजन आणि माझा जनरेटर

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. उमरीजवळच्या गावात त्यांची शेती आहे. यजमान गेल्यापासून ती त्याच बघतात, आणि बघतात म्हणजे बांधावर उभ्या राहून गड्यांवर नजर ठेवतात. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं त्यांची छाती अशी धरली की नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. सुट्टी मिळाली तेव्हा डॉक्टरांनी सोबत ऑक्सिजनचं मशीन घ्यायला लावलं. काही महिने ते सतत चालू ठेवावं लागेल, त्यामुळं गावाकडं एवढ्यात जायचं नाही, असं बजावलं. आक्का आमच्याकडं आल्या. नाकात नळी आणि कमरेला चाव्यांचा जुडगा.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. निवृत्त शिक्षिकेची अडचण अशी की पोरं निघून जातात आणि उत्तरं तिच्याकडंच उरतात. घरात ऐकायला फक्त आमचे हे. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आणि मुळातच ऐकून घेण्याची सवय असलेले. आक्का आल्या तेव्हा मला नवीन वर्ग मिळाल्यासारखं वाटलं. फक्त हा वर्ग मलाच शिकवायला आला होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

मशीन विजेवर चालायचं. वीज गेली तर वापरायला म्हणून दवाखान्यानं एक ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर दिला होता. "हा काही तास पुरतो, तोवर लाईट येते," असं तिथल्या सिस्टरनं सांगितलं होतं. पण उन्हाळा लागला, वाऱ्याची झुळूक आली तरी लाईट जायला लागली, आणि माझं डोकं चालायला लागलं. मी जाहीर केलं, जनरेटर घ्यायचा.

"इन्व्हर्टर बरा पडेल का?" ह्यांनी विचारलं.

"बॅटरी संपली की संपली. जनरेटरमध्ये पेट्रोल घालत राहायचं," मी म्हणाले.

आक्का पलंगावरून म्हणाल्या, "मास्तरीण, तुला मोटारीचं टायर बदलता येत न्हाई. इंजन काय चालवतीस?"

त्या वाक्यानं जनरेटर पक्का झाला. नाहीतर कदाचित मी विचार केलाही असता.

जनरेटर आला. लाल रंगाचा, सुटकेसएवढा, पण उचलायला गेलं की कमरेची ओळख करून देणारा. ह्यांनी त्याचं माहितीपुस्तक चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी ते वाचलं नाही. जळण, ज्वलन, इंजिनाचे चार ठोके, हे सगळं मी नोकरीभर फळ्यावर काढलं होतं. ज्याची आकृती आपण डोळे मिटून काढू शकतो त्याचं पुस्तक काय वाचायचं.

पहिली अडचण पेट्रोलची. मी प्लास्टिकचा कॅन घेऊन पंपावर गेले. पंपावरच्या माणसानं मान हलवली. "सुट्टं पेट्रोल देत न्हाईत, मॅडम." मी त्याला जनरेटरची, आक्कांची, ऑक्सिजनची सगळी हकीकत सांगितली. मागं मोटारसायकलींची रांग लागली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि परत म्हणाला, "सुट्टं देत न्हाईत."

म्हणून मी जनरेटरच पंपावर न्यायचं ठरवलं. रिक्षा बोलावली. मागच्या सीटवर जनरेटर ठेवला, मी त्याला धरून शेजारी बसले. रिक्षावाल्यानं आरशात बघत विचारलं, "दवाखान्यात नेऊन राहिल्या का?" पंपावर तो मघाचाच माणूस होता. जनरेटर रिक्षातून खाली घ्यायला लावून त्यानं टाकी भरली, आणि माझ्याकडं न बघता पैसे घेतले. येताना टाकी काठोकाठ भरलेली होती. प्रत्येक गतिरोधकाला पेट्रोल झाकणातून माझ्या साडीवर येत होतं. घरी पोचले तेव्हा आक्का म्हणाल्या, "आंघोळ कर. देवाजवळ जाऊ नगस, दिवा लावलाय."

पुढं ह्यांनी जुन्या ओळखीतून पत्र्याचा एक चांगला डबा मिळवला आणि पंपाच्या मालकाकडून तो रीतसर भरूनही आणला. आता तो ठेवायचा कुठं? "पुस्तकात लिहिलंय, घराबाहेर, सावलीत, हवेशीर जागी," हे म्हणाले. बाहेर ठेवला तर चोरीला जाईल, असं माझं मत. मी तो कोठीच्या खोलीत ठेवला, खालच्या फळीवर. वरच्या फळीवर त्या उन्हाळ्याच्या कुरडया होत्या. आक्कांनी नाकात नळी ठेवून, खुर्चीवर बसून, माझ्याकडून त्या घालून घेतल्या होत्या. चीक कसा घोटायचा यावर त्यांनी मला जेवढं ऐकवलं तेवढं मी कुठल्या नापास पोरालाही ऐकवलं नव्हतं.

आठवडाभरानं कुरडया तळल्या. आक्कांनी एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"ह्या खाल्ल्या तर आपण उमरीपोतूर पळत जाऊ," त्या म्हणाल्या.

सगळ्या कुरडया टाकाव्या लागल्या. डबा जिन्याखाली गेला. जनरेटरची जागा मात्र मी आधीच नक्की केली होती, मागच्या पडवीत. पडवी आम्ही चोरांच्या आणि माकडांच्या भीतीनं पत्र्यांनी बंद करून घेतली होती. स्वयंपाकघराच्या दारातून वायर आत घ्यायची, की आक्कांच्या मशीनपर्यंत सहज पोचते. तेवढ्यात पुस्तक हातात घेऊन हे आले. "अगं, यात लिहिलंय, बंद जागेत चालवू नये."

"बंद कुठं आहे? वर फट आहे ना," मी म्हणाले. फट होती. चिमणी आत येण्याइतकी होती.

वैशाखातली दुपार. तीनच्या सुमाराला आभाळ काळं झालं, धुळीचं वादळ उठलं, मागोमाग गारा. लाईट गेली. मशीन शिट्टी वाजवायला लागलं. हे सिलिंडरकडं वळले, मी त्यांना थांबवलं. याच दिवसासाठी मी रिक्षातून मिरवणूक काढली होती. पडवीत गेले, चोक ओढला, दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात जनरेटर सुरू झाला. मशीन चालू झालं, आक्कांच्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. सगळ्या गल्लीत अंधार आणि आमच्या घरी पंखा. मी पदर खोचून आक्कांच्या समोर उभी राहिले, त्या काही बोलतील म्हणून.

"आवाज लई करून राहिलंय," त्या म्हणाल्या.

म्हणून, आणि गारा आत येत होत्या म्हणूनही, मी पडवीचं बाहेरचं दार लावलं. पुढच्या खोलीच्या खिडक्या पावसामुळं लावलेल्याच होत्या. स्वयंपाकघराचं दार वायरमुळं पूर्ण लागत नव्हतं, पण त्याकडं मी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं आक्का म्हणाल्या, "डोकं जड झालं गं."

"हवा बदलली की होतं," मी सांगितलं, आणि आल्याचा चहा ठेवला. ह्यांचंही डोकं दुखत होतं. मी त्यांना पित्ताची गोळी दिली. मला स्वतःला मळमळत होतं, त्याला मी सकाळच्या शिळ्या भाकरीला जबाबदार धरलं. तिघांची तीन निदानं झाली आणि तिन्ही माझी. चहा घेऊन आले तर हे खुर्चीत मान टाकून झोपलेले, आणि आक्का त्यांच्या खुर्चीत भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून. दुपारी झोपणं हा त्यांच्या लेखी आजार होता.

"आक्का, चहा."

त्यांनी डोळे उघडले, पण कपाकडं हात केला नाही. "मास्तरीण, तुझ्या इंजनाचा धूर घरात येऊन राहिलाय का?"

मी सांगायला तोंड उघडलं की धूर नाही येत, नुसता वास असतो. आणि ते वाक्य तोंडातच राहिलं. कारण पुढचं वाक्य मला पाठ होतं. हवा अपुरी पडली की ज्वलन अपूर्ण होतं, आणि रंग नसलेला, वास नसलेला विषारी वायू तयार होतो. दर वर्षी, दर वर्गाला मी ते लिहून द्यायची. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये, असं त्याखाली अधोरेखित करायला लावायची. आणि आता मी आक्कांच्या ऑक्सिजनच्या मशीनला तीच हवा ओढायला लावली होती.

मी पळत जाऊन जनरेटर बंद केला. पळत म्हणते खरी, पण गेले भिंत धरून. पडवीचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या, ह्यांना गदागदा हलवलं. हे उठले, उभे राहिले, पुन्हा बसले, परत उठले. सिलिंडर आक्कांच्या खुर्चीला बांधला, नळी जोडली, आणि आम्ही दोघांनी खुर्चीसकट आक्कांना समोरच्या अंगणात आणलं. गारा थांबल्या होत्या, पाऊस पडतच होता. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. हे पायरीवर बसून ओकले. गल्लीतले लोक आपापल्या दारातून बघत होते, आणि आम्ही तिघं भिजत बसलो होतो, जणू घरात साप निघालाय.

मला रडायला यायला लागलं. आक्का बोलल्या. आवाज बारीक होता.

"छत्री नीट धर. सगळं पाणी मानंवर पडून राहिलंय."

मग मी रडलेच.

दवाखान्यात तिघांनाही ठेवून घेतलं. मास्क लावून आम्ही शेजारशेजारच्या पलंगांवर पडलो होतो. डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढा. त्यानं पुन्हापुन्हा विचारलं, जनरेटर नेमका कुठं होता. मी सांगितलं. त्यानं मला अपूर्ण ज्वलन समजावून सांगायला सुरुवात केली. मी मास्कच्या आतून मान हलवत सगळं ऐकलं. चांगलं शिकवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही घरी आलो. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ गेला असता तर आक्कांचं अवघड होतं.

जनरेटर अडगळीत टाकावा असं मला वाटत होतं. आक्का नको म्हणाल्या. "इंजनाची काय चूक हाय? आमच्या शेतात इतकी वर्सं इंजन चाललं. कवा घरात न्हाई आणलं." मग ह्यांनी ते माहितीपुस्तक आणून माझ्या हातात दिलं. संसारात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला छडी दिसली. मी ते पहिल्या पानापासून वाचलं. अंगणाच्या पार कोपऱ्यात, खिडक्यांपासून लांब, चार खांबांवर नुसतं पत्र्याचं छप्पर केलं. जनरेटर साखळीनं खांबाला बांधला. पेट्रोलचा डबा कुंपणाजवळ, सावलीत, जाळीच्या पेटीत गेला. डब्यातलं पेट्रोल महिना-दोन महिन्यांत ह्यांच्या स्कूटरमध्ये ओतून नवीन आणायचं. टाकी भरायची ती इंजिन बंद करून, पूर्ण गार झाल्यावर. तेवढा वेळ आक्का सिलिंडरवर राहायच्या, आणि सिस्टरनं सांगितलं होतं तसा तो पुरायचा. खरं म्हणजे बहुतेक वेळा सिलिंडर संपायच्या आत लाईटच यायची.

दिवाळीच्या आधी आक्कांची छाती सुधारली. आता मशीन फक्त झोपताना लागणार होतं. त्या गावाकडं जायला निघाल्या. टेम्पोत त्यांचं सामान चढलं आणि त्या जनरेटरकडं बोट दाखवून म्हणाल्या, "तो पण टाका."

"आक्का, तो आमचा," मी म्हणाले.

"माझ्यासाठी घेतलास ना? मग माझा."

मी सोबत गेले. अंगणापलीकडं मोकळ्या जागेत तो बसवला. घरापासून किती लांब, वारा कुठल्या बाजूनं, चोक कधी, पेट्रोल किती दिवसांनी बदलायचं, हे मी आक्कांना सविस्तर सांगितलं, मग परत एकदा सांगितलं. त्या खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. "कळलं," एवढंच म्हणाल्या.

परवा त्यांचा फोन आला. गावात दोन दिवस लाईट नव्हती, जनरेटर छान चालला, झोप चांगली लागली.

"तुझ्यापेक्षा गुणाचं हाय गं," त्या म्हणाल्या. "बटन दाबलं की गप बसतंय."

मी विचारलं, टाकी भरायच्या आधी गार होऊ दिला होता का. आणि मग बराच वेळ बोलत राहिले.